कोड उडवण्याआधी

इंजिनचा कॉम्प्युटर रिसेट करणं दोन मिनिटांचं काम आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावायचा, चावी ऑन करायची, कोड वाचायचा आणि ‘क्लिअर’ दाबायचं. डॅशबोर्डवरचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा विझतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. कराडला माझं गॅरेज आहे, उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली. या दोन मिनिटांच्या कामात मी ज्या चुका केल्या, त्यांची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यांनी मोजली. म्हणून त्या जशा घडल्या तशा लिहितो आहे.

मी शिकलो कार्बोरेटरवर. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी मारुती ८००. जेट साफ करायचं, मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. त्या इंजिनाला स्वतःचं काही आठवत नसे. स्क्रू जिथे सोडला तिथेच राहायचा. बिघडलं तर कोणी हात लावला हे उघड दिसायचं. २००० साली प्रदूषणाचे नवे निकष देशभर लागू झाले आणि पेट्रोल गाड्यांमधून कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले. मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ असं लिहिलेल्या गाड्या आमच्या दारात येऊ लागल्या. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना ट्रेनिंग मिळालं. आम्ही बाहेरचे मिस्त्री एकमेकांना विचारत आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकत गेलो.

त्या शिकण्यातली पहिली मोठी चूक रिसेटची नव्हती, पण कॉम्प्युटरशी कसं वागू नये हे तिने दाखवलं. आमच्या उस्तादांच्या काळापासूनची एक पद्धत होती: चार्जिंग होतंय का हे बघायला इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर ठीक. जुन्या गाड्यांनी ते सोसलं. इंजेक्शनच्या गाडीवर मी तेच केलं. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा दाब सावरायला काही उरत नाही. बारा-चौदा व्होल्टच्या वायरिंगमध्ये क्षणभर त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळतं. इंजिन बंद पडलं ते पुन्हा चालू झालंच नाही. कॉम्प्युटर गेला होता. गाडी गावातल्या एका औषध दुकानदाराची होती. मी त्यांना ‘कॉम्प्युटर गेलाय’ एवढंच सांगितलं. कशामुळे गेला हे सांगितलं नाही. पुण्याहून नवा बोर्ड आणला, त्याचे पैसे त्यांनी भरले. तेव्हा मी गप्प राहू शकलो, कारण त्यांना विचारायचं काय हेच माहीत नव्हतं. नंतर माझ्या हातून जे घडलं त्याच्या मुळाशी ही सवय आहे असं मला वाटतं. पुढच्या माणसाला कळत नाही म्हणून न सांगणं.

मग काही वर्षं आम्ही रिसेट म्हणजे ‘टर्मिनल काढून ठेवणं’ असं धरून चाललो. दहाचा पाना, निगेटिव्ह टर्मिनल सैल करायचं, अर्धा तास चहा-पाणी, मग परत लावायचं. त्या वेळच्या बऱ्याच कॉम्प्युटरांची शिकलेली माहिती बॅटरीच्या सततच्या करंटवर जिवंत राहायची, करंट तुटला की पुसली जायची. दिवा जायचा. त्याबरोबर घड्याळ जायचं, रेडिओची स्टेशनं जायची. काही गाड्यांच्या म्युझिक सिस्टीम तर कोड मागत बसायच्या आणि तो कोड लिहिलेलं कार्ड मालकाकडून केव्हाच हरवलेलं असायचं. बटण एकदाच दाबल्यावर आपोआप वर जाणारी काच तशी जायची थांबायची. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्या आल्यावर आणखी एक भानगड सुरू झाली. टर्मिनल लावल्यावर आयडलिंग वरखाली व्हायचं आणि सिग्नलला गाडी बंद पडायची. थ्रॉटलची पाकळी किती उघडल्यावर इंजिन स्थिर चालतं हे कॉम्प्युटर शिकून बसलेला असतो, ते आम्ही पुसून टाकलं होतं. गाडी नवशिक्या हातात असली तर तो माणूस मधल्या चौकात घाबराघुबरा व्हायचा. नव्या गाड्यांत तर शिकलेलं बरंचसं बॅटरी काढूनही पुसलं जात नाही. म्हणजे टर्मिनल काढून फायदा होईलच असं नाही, त्रास मात्र नक्की.

स्कॅनर घेतला तेव्हा वाटलं, आता हे सगळं संपलं. भारतात २०१०पासून मोठ्या शहरांतल्या भारत स्टेज-४ गाड्यांना बिघाड स्वतः ओळखण्याची व्यवस्था सक्तीची झाली आणि २०१३पासून तिची पुढची पायरी. अमेरिकेत हे १९९६च्या मॉडेलांपासून सगळीकडे होतं. तिचा उद्देश गाडीच्या धुरावर लक्ष ठेवणं हा होता, मिस्त्रीचं काम सोपं करणं हा नव्हता. पण आम्हाला ती सोय झाली. एक केबल लावली की गाडी बोलते, हे पहिल्यांदा बघताना मी खरंच हरखून गेलो होतो. आणि मग मी ती बोलायला लागली की तिला गप्प करायला शिकलो.

हे कसं झालं, तर गिऱ्हाईक दिवा बघून येतं, बिघाड बघून येत नाही. गाडी चालते आहे, ॲव्हरेज ठीक आहे, पण दिवा लागलाय. ‘मिस्त्री, तेवढा दिवा घालवून द्या.’ मी घालवून द्यायचो. शंभर-दोनशे रुपये, कधी तेही नाही, ओळखीवर. माणूस मागे वळून वळून आभार मानत जायचा. कोड वाचायचो, पण तो नोंदवून ठेवायचा, तो का आला हे बघायचं, यासाठी लागणारा तास त्या शंभर रुपयांत बसत नव्हता. दारात आणखी तीन गाड्या उभ्या असायच्या.

चिपळूणचे सर माझ्याकडे असेच यायचे. मूळचे चिपळूणचे, नोकरीने कराडला आलेले, माध्यमिक शाळेत शिक्षक. बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. अधूनमधून त्यांचा दिवा लागायचा आणि दर वेळी एकच कोड असायचा: पी०१७१. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मी तो उडवायचो. एकदा एअर फिल्टर बदलला, एकदा प्लग बदलले. सर दर वेळी गावाहून आल्यावरच येतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कराड-चिपळूण रस्ता म्हणजे पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट. जाताना उतार, येताना पोफळीपासून सरळ चढ. दिवा कुठे लागला, हा एक प्रश्न मी विचारला असता तर सरांनी सांगितलं असतं, ‘घाट चढताना.’ मी विचारला नाही. सरांनाही तो महत्त्वाचा वाटला नाही, आणि तो महत्त्वाचा आहे हे माहीत असणं त्यांचं काम नव्हतं.

२०१६च्या पावसाळ्यात ते एका संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी चिपळूणला जाऊन वडिलांना, अण्णांना, घेऊन यायचं होतं. अण्णांची त्याच्या पुढच्या दिवशी कराडच्या हॉस्पिटलमध्ये तपासणीची वेळ होती, बऱ्याच खटपटीने मिळालेली. दिवा लागला होता. ‘रस्त्यात काही होणार नाही ना?’ असं त्यांनी विचारलं. मी कोड बघितला, तोच होता. उडवला. आणि म्हणालो, ‘काही होत नाही, सर. परत लागला तरी घाबरू नका, तसेच या. आल्यावर बघू.’

हे वाक्य मी बोललो आणि त्यावर विश्वास ठेवून ते गेले.

परतीच्या वाटेवर पाऊस होता. गाडीत सर, त्यांच्या पत्नी, अण्णा, आई, सामान, आणि काचांवर धुकं धरू नये म्हणून एसी चालू. घाटाच्या पहिल्या वळणांवरच गाडी झटके मारायला लागली. पिकअप मिळेना. दिवा लागला, आणि या वेळी तो लुकलुकत होता. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फरक असतो: लुकलुकणारा म्हणजे सिलिंडरमध्ये मिसिंग चाललंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय, ताबडतोब पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या. हे मी सरांना कधीच सांगितलं नव्हतं. उलट ‘तसेच या’ म्हणालो होतो. ते तसेच येत राहिले, ॲक्सिलरेटर आणखी दाबून. अर्ध्या घाटाच्या पुढे गाडीने दम टाकला. मोबाइलला रेंज नव्हती. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने हेळवाकपर्यंत ओढून आणलं तोवर अंधार पडला होता. अण्णा एवढा वेळ ओल्या कपड्यांनी बसून होते, कारण गाडी रस्त्याच्या कडेला घेताना सगळ्यांना उतरावं लागलं होतं. रात्री उशिरा ते कराडला पोहोचले, अंगात ताप घेऊन. तपासणीची वेळ हुकली आणि पुढची तारीख लांबची मिळाली.

गाडी दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आली. पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावला. आयडलला दाब बरोबर होता. रेस करून लोड दिला की खाली यायचा. टाकीतल्या पंपाचा फिल्टर गाळाने भरला होता आणि पंप थकला होता. सपाटीला लागतं तेवढं पेट्रोल तो पुरवत होता, चढाला लागतं तेवढं पुरवू शकत नव्हता. तेव्हाच बघितलं असतं तर हे काम काही हजारांत झालं असतं. आता सायलेन्सरच्या पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला होता. त्यात सिरॅमिकची बारीक जाळी असते, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. मिसिंग मारणाऱ्या इंजिनातून पेट्रोल आणि हवा दोन्ही तिथे पोहोचतात आणि तिथेच जळतात. तापमान हजार अंशांच्या पुढे गेलं की जाळी खराब व्हायला लागते, मग वितळून बसते. सरांची तशीच बसली होती. धूर बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून शेवटी इंजिन गुदमरून बंद पडलं होतं. कन्व्हर्टरची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जात होती.

पण मला खरा धक्का त्यानंतर बसला, जेव्हा मी शांतपणे बसून विचार केला की त्याआधी हीच गाडी हाच घाट चढत होती, मग त्या दिवशीच का नाही चढली?

यासाठी कॉम्प्युटर काय शिकतो ते सांगायला हवं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगत असतो की हवा उरली का पेट्रोल उरलं, आणि कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे क्षणाक्षणाला कमीजास्त करतो. ही झाली तात्पुरती दुरुस्ती. तीच दुरुस्ती एका दिशेने सतत करावी लागत असेल, तर तो ती कायमची मांडून ठेवतो: या गाडीला या लोडवर नेहमीच्या हिशेबापेक्षा इतके टक्के जास्त पेट्रोल लागतं. फिल्टर जुना होतो, इंजेक्टरवर थर बसतो, पंप कमजोर होतो, पेट्रोल बदलतं. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचंही तेच. इथेनॉलला जळायला वजनाच्या जेमतेम नऊ पट हवा पुरते, त्यामुळे मिसळलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत थोडं जास्त इंधन सोडावं लागतं आणि कॉम्प्युटर ते शिकून घेतो. हे सगळं तो सावरत राहतो. सावरणं त्याच्या आवाक्याबाहेर जायला लागलं की दिवा लावतो.

बऱ्याच गाड्यांत हे शिकणं लोडप्रमाणे वेगवेगळ्या खणांत असतं. सपाटीचा खण वेगळा, चढाचा वेगळा. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन सेन्सरचं ऐकण्यासाठी थांबत नाही, आधी शिकून ठेवलेल्या आकड्यावरच पेट्रोल सोडतं. सरांच्या गाडीच्या कॉम्प्युटरने घाट चढून चढून चढाच्या खणात मोठी दुरुस्ती मांडून ठेवली होती. कमी दाबाच्या पेट्रोलवर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवून तो गाडी कशीबशी वर आणत होता. मी आदल्या संध्याकाळी सगळे खण शून्यावर आणले. चिपळूणला जाताना सपाटी आणि उतार मिळाला, तेवढ्यापुरतं तो पुन्हा शिकला. चढाच्या खणात मात्र काहीच नव्हतं. परतीला पहिल्याच चढावर, चार माणसं आणि एसीच्या ओझ्याखाली, त्याने कारखान्यातल्या नव्या गाडीच्या हिशेबाने पेट्रोल सोडलं, आणि तेवढं पंपाकडून येत नव्हतं. मी दिवा घालवला नसता तर गाडी कदाचित दिवा लावून, कुरकुरत, पण वर आली असती. म्हणजे मी बिघाड तसाच ठेवला आणि त्या बिघाडाशी झगडणारी जी एक गोष्ट गाडीत होती, ती पुसून दिली.

आणि आणखी काहीतरी पुसलं होतं. दिवा लागतो त्या क्षणी कॉम्प्युटर त्या वेळची स्थिती जपून ठेवतो. स्कॅनरवर तिला ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात. इंजिन किती आरपीएमवर होतं, वेग किती, लोड किती, पाण्याचं तापमान किती, पेट्रोलची दुरुस्ती किती टक्के. सरांच्या कोडबरोबर ही नोंद दर वेळी होती. कमी वेग, जास्त लोड, गरम इंजिन, असं चित्र दिसलं असतं तर घाट समोर उभा राहिला असता, आणि लोडवर पातळ होणारं मिश्रण म्हटलं की संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावरच जातो. क्लिअरचं बटण कोडबरोबर ही नोंदही पुसतं. अपघाताच्या जागेचा पंचनामा होण्याआधीच रस्ता धुऊन काढावा, तसं मी वर्षानुवर्षं करत आलो होतो.

कन्व्हर्टरचे अर्धे पैसे मी दिले. सरांनी ते घेतले आणि घ्यायलाच हवे होते. कारण समजल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, खणांसकट. ते भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यांना लगेच कळलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘मी तुम्हाला रस्त्यात काही होणार नाही ना असं विचारलं होतं.’ अण्णांचा ताप उतरला, पुढे तपासणीही झाली. पण ते वाक्य मला कधी विसरता आलेलं नाही.

यानंतर मी सुधारलो असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. गिऱ्हाइकांच्या बाबतीत सुधारलो. एजंटांच्या बाबतीत नाही. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक माणूस माझ्याकडे गाड्या धुऊन-पुसून घ्यायला यायचा आणि विकायच्या दिवशी सकाळी दिवा घालवून घ्यायचा. मी त्याला विचारायचो नाही, तो सांगायचा नाही. कामाला काम मिळत होतं. त्यातल्या एका गाडीला पी०३०१ होता, पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. कॉइल बदलून बघितली, तरी तेच. कॉम्प्रेशन बघायला हवं हे मला कळत होतं. एजंट म्हणाला, ‘राहू दे, आज गिऱ्हाईक येतंय.’ मी कोड उडवला.

दोन महिन्यांनी तीच गाडी माझ्याच गॅरेजला आली. नवरा-बायको, दोघंही तरुण, त्यांची पहिली गाडी. कर्ज काढून घेतलेली. दिवा लागलाय आणि गाडी थरथरते. नंबर बघताक्षणी मी ओळखली. कॉम्प्रेशन काढलं, पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. हेड उतरवावं लागलं. मी मजुरी लावली नाही, फक्त पार्टचे पैसे घेतले, आणि का लावली नाही ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं माणूस चांगला आहे. ते नेमाने माझ्याकडे येऊ लागले, दिवाळीला फराळ घेऊन येऊ लागले. तो फराळ खाणं मला जड जायला लागलं, तेव्हा एकदा सांगितलं. नवरा काही बोलला नाही. त्याच्या बायकोने विचारलं, ‘काका, मग तेव्हाच का नाही सांगितलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दुसरं गॅरेज बघितलं. ते योग्यच केलं.

त्या दोघांना फसवणं सोपं गेलं याचं एक कारण म्हणजे कुठे बघायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून इथे सांगतो. कोड उडवला की फक्त दिवा जात नाही. कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सर, कन्व्हर्टर, सेन्सरचे हीटर यांच्या ज्या तपासण्या स्वतः करत असतो, त्यांचे निकालही शून्यावर जातात आणि त्या ‘पूर्ण नाहीत’ असं दिसू लागतं. पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिनपासून सुरुवात करून वेगवेगळ्या वेगांत गाडी चालवावी लागते. शिवाय बऱ्याच गाड्या कोड शेवटचा उडवल्यापासून किती किलोमीटर झाले हेही सांगतात. जुनी गाडी घेताना स्वस्तातलं ब्लूटूथचं डोंगल लावून या दोन गोष्टी बघा. पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तो आकडा बारा-पंधरा किलोमीटर असेल, तर सकाळीच कोणीतरी हात फिरवला आहे. कॅलिफोर्नियात धुराच्या तपासणीला आलेल्या गाडीच्या या तपासण्या पुऱ्या झालेल्या नसतील तर ती नापास होते. २०१९पासून तर तिथे स्कॅनरने पुसता न येणारे कायमचे कोडही बघतात. ते दुरुस्ती झाल्याची कॉम्प्युटरची खात्री पटल्यावरच जातात. आपल्याकडच्या पीयूसीत पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला धूर मोजतात, कॉम्प्युटरला कोणी काही विचारत नाही. त्यामुळे हात फिरवलेली गाडी आरामात पास होते.

आता मी रिसेट करत नाही असं नाही. योग्य वेळी तो करावाच लागतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर जुन्या घाणीच्या हिशेबाने शिकलेलं आयडल पुसायला हवं, नाहीतर आयडलिंग वर चढून राहतं. ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर किंवा पंप बदलल्यावर जुनी दुरुस्ती नव्या पार्टवर चालू राहिली तर मिश्रण काही काळ उलट्या बाजूला जातं. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत तर हे रोजचं आहे. किटचं ट्यूनिंग चुकलेलं असलं की गॅसवर चालताना कॉम्प्युटर ती चूक सावरतो, तीच दुरुस्ती पेट्रोलवर लागू करतो आणि पेट्रोलवर गाडी धड चालत नाही. अशा वेळी नुसता रिसेट केला तर आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच. आधी लॅपटॉप लावून गॅसचा मॅप असा बसवायचा की गॅसवर आणि पेट्रोलवर दुरुस्तीचा आकडा शून्याच्या आसपास एकसारखा राहील, मग पुसायचं.

क्रम मात्र बदलला. गिऱ्हाईक आलं की केबल लावण्याआधी विचारतो: दिवा कुठे लागला, इंजिन थंड होतं का गरम, चढ होता का सपाटी, गाडीत किती माणसं, पेट्रोल कुठे भरलं, पाऊस होता का. पावसाळ्यात वायरिंग उंदरांनी कुरतडलेली असते, तेही आधी बॉनेट उघडून बघतो. मग कोड, फ्रीज फ्रेम आणि दुरुस्तीचे आकडे वाचून त्यांचे फोटो काढतो आणि ते मालकाच्या फोनवर पाठवतो. ती नोंद त्याच्या गाडीची आहे, ती माझ्याकडे अडकून राहू नये. दुरुस्ती झाल्यावर कोड उडवतो. त्यानंतर इंजिन थंडपासून चालू करून काही मिनिटं ॲक्सिलरेटरला हात न लावता, मग एसी लावून तसंच सोडतो. मग गाडी बाहेर काढतो: थोडी गावात, थोडी हायवेला एका वेगात, आणि जवळचा एखादा चढ. आल्यावर दुरुस्तीचे आकडे पुन्हा बघतो. चढाचा आकडा वीस टक्क्यांकडे पळत असेल तर काम झालेलं नाही, दिवा लागलेला नसला तरी. प्रवासाच्या आदल्या दिवशी मी कोणाचाही कोड उडवत नाही. बिघाड सापडला नसेल तर दिवा तसाच ठेवून, काय धोका आहे आणि काय नाही हे सांगून पाठवतो, आणि लुकलुकला तर थांबायचं हे दोनदा सांगतो. यावर बरेच लोक नाराज होतात. काही शेजारच्या गॅरेजमध्ये जाऊन दोन मिनिटांत दिवा घालवून घेतात.

काही गाड्यांचं मला अजूनही नीट कळत नाही. परवाच एक आली. ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटचा कोड, एकदाच आलेला, हायवेला, मुसळधार पावसात. वायर, कनेक्टर, पिना सगळं उघडून बघितलं, काही सापडलं नाही. बहुतेक पाणी गेलं असेल आणि वाळलं असेल. मी कोड उडवला नाही. बिघाड परत आला नाही तर सलग तीन स्वच्छ फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि आत ठेवलेला कोड इंजिन साधारण चाळीस वेळा थंडपासून तापल्यावर जातो. परत आला तर कॉम्प्युटर तो कधी आला हे सांगेल. मालक वैतागला. म्हणाला, ‘मिस्त्री, तुमच्याकडे मशीन आहे, तरी मी दिवा बघत गाडी चालवू?’ मी म्हणालो, शनिवारी या, पाऊस असेल तर उत्तमच. स्कॅनर लावून तुमच्या शेजारी बसतो आणि उंब्रजपर्यंत जाऊन येऊ. तो येतो म्हणाला आहे.